पायाखालच्या भुईचा जमाखर्च



गेल्या मार्गशीर्षात आमच्या साताऱ्याच्या घरातील जुनी जमीन उखडून नवी फरशी बसविण्याचे काम निघाले. घर पणजोबांच्या वेळचे, अरुंद बोळातले. ओटी, माजघर, स्वयंपाकघर व देवघर मिळून जागा ४२० चौरस फुटांची. दुकानदाराने फरशीचा भाव चौरस फुटास ५८ रुपये सांगितला. अडतीस वर्षे मुलांना त्रैराशिके घालण्यात गेलेल्या माझ्यासारख्यास वाटले, ४२० ला ५८ ने गुणले की प्रश्न सुटला: २४,३६० रुपये. त्या भरवशावर मी कामास होकार दिला. काम संपले तेव्हा वहीतली बेरीज ७७,५१६ रुपयांवर येऊन थांबली होती.

माझे त्रैराशिक चुकले कोठे, ते आधी सांगतो. कारण आपणांपैकी पुष्कळांना या फेऱ्यातून जावयाचे असेल. जागा ४२० फूट असली तरी फरशी घ्यावी लागली ५१२ फूट. कडेला कापून बसवावयाचे तुकडे, भिंतीच्या पायथ्याशी चार बोटे उंचीची जी पट्टी लावतात व जिला कारागीर स्कर्टिंग म्हणतात ती, आणि कापताना फुटणारा माल, असा तो वाढावा. त्याचे झाले २९,६९६. ती फरशी बसविण्याची मजुरी १५,९६०, व पट्टीची निराळी ३,०००. खालच्या थराला सिमेंट आणि वाळू ८,८६० ची. जुनी जमीन उखडण्याचे ६,३००. आणि तो राडारोडा दोन खेपांत गावाबाहेर नेणाऱ्या टेंपोचे ७,०००. टेंपो आमच्या बोळात शिरत नाही, म्हणून माल डोक्यावरून आणणाऱ्या हमालांचे ४,०००. जमिनीची पातळी अंगुळभर चढली, तेव्हा तीन दारे खालून तासावी लागली. त्या सुताराचे १,२००. दरजा भरण्याचे १,५००. एकंदरीत, रुपयातील सहा आण्यांहून किंचित अधिक खर्च प्रत्यक्ष फरशीचा आणि बाकीचा पावणेदहा-दहा आण्यांचा खर्च माणसांच्या हातांचा, डोक्यांचा आणि चाकांचा. दुकानाच्या काचेत जी मांडून ठेवलेली असते ती फरशी म्हणजे खर्चाचा धाकटा भाऊ होय.

परंतु नुसता हा हिशेब ऐकविण्यासाठी मी आपला वेळ घेतला नसता. मजूर जमीन उखडू लागले तेव्हा मी खुर्ची टाकून ओटीवर बसलो होतो. वरची शहाबादी निघाली; तिच्याखालचा चुन्याचा व मुरमाचा थर निघाला; आणि त्याखाली तपकिरी मातीचे असे काही पापुद्रे दिसू लागले, की जणू एखादी जीर्ण पोथी पाण्यात भिजून तिची पाने एकमेकांस चिकटली आहेत. मी नखाने ते पापुद्रे मोजू लागलो. चाळिसापर्यंत मोजले व पुढे नाद सोडला. ते सारवणाचे थर होते. आजीचे, आईचे आणि त्यांच्याही आधीच्या ज्या बायांची नावे आम्हांस ठाऊक नाहीत त्यांचे. मनात आले, की या जमिनीचा खर्च कोणत्या वहीत लिहिला असेल? आणि त्या प्रश्नानेच मला आज आपल्यापुढे आणले आहे.

आपल्या भाषेत या वस्तूला शब्द तरी किती! 'भुई' हा आपला सर्वांत जुना, भूमीवरून आलेला. 'जमीन' फारसीतून आली. 'फरशी' ज्यावरून आली तो 'फर्श' मुळात अंथरण्याचा अर्थ दाखवितो. गालिचा, बिछायत, जे पसरावयाचे ते फर्श. पुढे त्याचा दगड झाला. मुंबईकर तिला लादी म्हणतो आणि पुणेकर-सातारकर फरशी. पण आमच्या आजीच्या तोंडी अखेरपर्यंत भुईच होती. "भुईवर बस" असे ती शहाबादीकडे बोट दाखवूनही म्हणत असे.

या भुईचा आपल्याकडील जुना पुरावा पहावयाचा तर पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, इनामगावास जावे लागते. तेथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या विद्वानांची नावे त्या कामाशी निगडित आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंतच्या काळात तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. मातीच्या भिंतींची शंभराहून अधिक घरे सापडली, आणि त्या घरांच्या जमिनीही सापडल्या: चोपलेल्या, लिंपलेल्या, एकीवर एक चढविलेल्या. म्हणजे आमच्या ओटीवर निघालेली पोथी काही नवी नव्हती. तिची पहिली पाने तीन हजार वर्षांपूर्वी लिहिली गेली होती. पण इनामगावच्या जमिनींखाली आणखीही काही होते. मेलेल्या लहान मुलांना दोन रांजणांत, तोंडास तोंड लावून, आडवे ठेवीत आणि घराच्या जमिनीखालीच पुरीत. प्रौढांना पुरताना त्यांची पावले घोट्यापासून तोडलेली आढळतात. मुलांची मात्र तशी तोडलेली नाहीत. त्यामागची त्यांची श्रद्धा काय असेल ती असो. ज्या भुईवर चूल पेटे, जेथे आई दळण-कांडण करी, तिच्याखालीच तिचे मूल होते. अशा भुईवर रोज हात फिरविणाऱ्या बाईच्या मनात काय येत असेल, याचा विचार मी त्या दिवशी ओटीवर बसून पुष्कळ केला.

मातीची जमीन करणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. आधी आतली भुसभुशीत माती काढून मुरूम भरावयाचा, पाणी मारून तो धुमसाने ठोकावयाचा, मग चाळलेल्या मातीचा चिखल अंथरून अर्धवट वाळेपर्यंत थांबावयाचे आणि चोपण्याने चोपत चोपत सबंध खोलीभर सरकावयाचे. चोप कमी पडला तर भेगा, पाणी अधिक झाले तर पोपडे. कोणी शेवटी गुळगुळीत गोट्याने ती घोटीतही असत. मग शेणकाला. आणि हे सर्व झाले म्हणजे काम संपले असे नव्हे, तर सुरू झाले. कारण मातीची जमीन ही विकत घेतलेल्या वस्तूसारखी नसून पाळलेल्या जनावरासारखी असते. तिला आठवड्यातून दोनदा सारवावे लागते, पावसाळ्यात तिला ओल येते, उन्हाळ्यात ती उलते, उंदीर तिला पोखरतात आणि घरात कार्य निघाले की ती पुन्हा नव्याने हात मागते.

आमच्या घरी हे काम १९५४ साली आई सून म्हणून आली तेव्हापासून तिच्याकडे आले व १९६८ पर्यंत राहिले. वडील तालुका कचेरीत कारकून होते आणि जमाखर्चाची वही इतकी काटेकोर लिहीत, की आगपेटीचाही तीत उल्लेख सापडतो. त्या चौदा वर्षांच्या वह्यांत जमिनीच्या नावाने एक पैसा पडलेला नाही. शेण शेजारच्या गोठ्यातून मिळे, पाणी आडाचे, माती ओढ्याकाठची, आणि हात घरचे. म्हणून जमीन फुकट!

मी माझ्या समाधानासाठी त्या फुकट जमिनीचा हिशेब मांडला. आठवड्यातून दोनदा, दर वेळी दोन तास. वर्षाचे २०८ तास. आठ तासांचा दिवस धरला तर २६ दिवस. चौदा वर्षांचे ३६४ दिवस होतात. म्हणजे आईच्या तरुणपणातले जवळजवळ एक संपूर्ण वर्ष, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, गुडघ्यांवर बसून, पोतेरे हातात घेऊन गेले. आमच्या गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्या बाईस आज दिवसाला ५०० रुपये मिळतात. त्या दराने वर्षाचे १३,०००. सहा वर्षांत ७८,००० होतात. माझ्या नव्या जमिनीला लागले त्याहून थोडे अधिकच. वडिलांनी आगपेटी लिहिली आणि हे लिहिले नाही, यात त्यांचा दोष मी मानीत नाही. त्या काळच्या कोणत्याच वहीत त्याला रकाना नव्हता.

शेणाच्या जमिनीचे गुणगान करणारे लेख मधूनमधून वाचावयास मिळतात. ती उन्हाळ्यात गार असते, पायांना मऊ लागते, सारवल्यावर तिला एक ओलसर सुवास येतो. हे सर्व खरे आहे आणि बालपण त्यावर घालविलेल्या मला ते कोणी शिकवावयास नको. परंतु त्या लेखकांपैकी कितीजणांनी स्वतः पोतेरे हाती धरले होते, असे विचारावेसे वाटते. आणि त्या भुईने घेतलेली दुसरी किंमत तर याहून जड आहे.

बाळंतिणीची खोली नव्याने सारवून घेण्याची चाल होती. स्वच्छतेची म्हणूनच ती होती. परंतु धनुर्वाताच्या जंतूंची बीजे मातीत व जनावरांच्या शेणात असतात, आणि नाळ कापलेल्या ओल्या जागेतून ती बालकाच्या शरीरात शिरू शकतात, हे त्या बायांना कोण सांगणार? पहिल्या आठवड्यात मूल दूध ओढीनासे होई, अंग ताठ पडे, आणि लोक सटवाईला बोल लावीत. माझ्या आजीची दोन मुले अशी दहा दिवसांच्या आत गेली. गर्भार स्त्रियांना लस टोचण्याचे आणि नाळ निर्जंतुक साधनाने कापण्याचे काम खेडोपाडी पोचले तेव्हा कोठे हा शत्रू हटला. नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाल्याची घोषणा २०१५ साली झाली.

प्लेगाची हकीकत आपण सर्व जाणता. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी तो रोग ओळखला, १८९७ साली साथीच्या रोगांचा कायदा झाला, पुण्यात रँडसाहेबांच्या हाताखाली गोऱ्या शिपायांकडून घरांची झडती सुरू झाली आणि २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी त्यांच्यावर गोळी झाडली. या इतिहासात एक गोष्ट सहसा कोणी ठळकपणे सांगत नाही. ती ही, की त्या झडत्यांत घरांच्या जमिनीही खणल्या जात. रोगाचे विष मातीत दडलेले असते अशी समजूत होती. म्हणून मातीच्या भुया उकरून माती बाहेर टाकीत, चुना पसरीत, कार्बोलिकचे पाणी शिंपीत. देवघर व माजघर परक्या माणसाने कुदळीने खणावे, हा अपमान जन्मभर न विसरता येण्याजोगा होता. मौज अशी, की त्यांचे निदान चुकीचे होते. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो असे दाखवून दिले. तथापि निदान चुकीचे असूनही संशयित अगदीच निर्दोष नव्हता. विष मातीत नव्हते, पण मातीत बिळे होती.

आमच्या ओटीच्या खणतीत सारवणाच्या पापुद्र्यांखाली बोटभर जाडीची एक पांढरी रेघ निघाली. गवंडी म्हणाला, "गुरुजी, हा चुना. इथं कोणीतरी चुना टाकून वरनं माती भरलीया." आईने सांगितले, की प्लेगाच्या साली या घराची भुई खणली होती, असे तिच्या सासूबाई सांगत. सासूबाईंनी ते आपल्या सासूकडून ऐकले होते. मी ती रेघ बराच वेळ पाहत राहिलो. गवंड्याचा दिवस माझ्यापायी खोळंबत होता, म्हणून शेवटी उठलो.

मातीला पर्याय नव्हताच असे नव्हे. सरदार-सावकारांच्या वाड्यांतून चुन्याचा कोबा असे. घाणीत बैल जुंपून चुना मळावयाचा, त्यात विटांची खडी घालावयाची, गुळाचे व हिरड्याचे पाणी द्यावयाचे आणि बायांच्या रांगा बसवून लाकडी थाप्यांनी दिवसचे दिवस तो ठोकून घ्यावयाचा. पुढे हाच कोबा शब्द सिमेंटच्या जमिनीला लागला आणि चुन्याचा कोबा स्मरणातून गेला. घडीव दगडाची जमीनही होती. पण ती घाटांना, देवळांना, वाड्यांच्या चौकांना. कारण आपला दगड काळा. ज्वालामुखीच्या रसापासून झालेला हा दख्खनचा पाषाण किल्ल्याच्या तटाला उत्तम. पण त्याचे पातळ पापुद्रे निघत नाहीत. त्याची सपाट फरशी घडवावयाची म्हणजे पाथरवटाने इंच इंच टाकी मारावयाची. कारकुनाच्या घराला ते परवडणारे नव्हते.

कारकुनाच्या घरात दगड आला तो आगगाडीतून. भीमेच्या खोऱ्यात, पूर्वीच्या निजामी मुलुखातील गुलबर्गा म्हणजे आताच्या कलबुर्गी जिल्ह्यात, शहाबाद नावाचे गाव आहे. तेथला चुनखडीचा दगड पुरातन समुद्राच्या तळाशी थरावर थर बसून झालेला. त्यामुळे पहार लावली, की तो आपल्या थरावर सुटून येतो. निसर्गानेच तासून ठेवलेली फरशी ती! परंतु पुण्यामुंबईहून इतक्या लांबचा दगड बैलगाडीने आणावा तर गाडीभाड्यापुढे दगडाचे मोल क्षुल्लक ठरावे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८५८ त पुण्यास आली, १८६० त सोलापुरास पोचली, १८६३ त बोरघाट चढून मुंबई व पुणे सलग जोडली गेली, आणि १८७१ त तीच वाट रायचुरास जाऊन मद्रासच्या रेल्वेस मिळाली. शहाबाद नेमके याच वाटेवरचे स्टेशन. खाणीशेजारी वाघिणी उभ्या राहू लागल्या आणि करड्या-निळसर रंगाचा तो दगड मुंबईच्या चाळींच्या जिन्यांत, पुण्याच्या वाड्यांच्या पडव्यांत, शाळांच्या व्हरांड्यांत आणि असंख्य स्वयंपाकघरांच्या ओट्यांवर येऊन बसला. आमच्या पिढीतले मराठी मूल पहिल्यांदा रांगले ते बहुधा शेणावर किंवा शहाबादीवर.

याच्याबरोबरच श्रीमंतांच्या घरी विलायती चित्रफरशी येऊ लागली होती. इंग्लंडातील स्टोक-ऑन-ट्रेंट येथील मिंटनच्या कारखान्यात एका रंगाच्या मातीत दुसऱ्या रंगाची माती बसवून भट्टीत भाजलेल्या या फरश्या भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयात, आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, अद्यापि पहावयास मिळतात. ते संग्रहालय १८७२ साली लोकांस खुले झाले, आणि इतक्या पावलांखाली जाऊनही रंग टिकून आहे. जहाजाने आलेल्या या वस्तूची किंमत फार. म्हणून तिची जागा पुढे सिमेंटच्या फरशीने घेतली. १९१४ साली पोरबंदरला सिमेंट निघू लागले होते. १९२२ साली सिधवा घराण्यातील चुलत्या-पुतण्यांनी भारत टाइल्सचा कारखाना काढला; देश आर्थिकदृष्ट्याही स्वतंत्र व्हावा, ही त्यामागील प्रेरणा होती. या फरशीला भट्टी लागत नाही. धातूच्या साच्यात रंगीत सिमेंटचा पातळ थर ओतावयाचा, पाठीमागे साधे सिमेंट-वाळूचे मिश्रण भरावयाचे, यंत्राने दाबावयाचे, आणि मग पाण्यात मुरू द्यावयाचे. माझ्या मामांच्या गिरगावच्या बिऱ्हाडी अशी लाल-पिवळ्या फुलांची लादी होती. मामी ती रोज पुशी. पण गुडघे टेकून नव्हे, फडक्याच्या दांड्याने उभ्याने, याचे माझ्या आईला फार अप्रूप वाटे.

गरिबांसाठी मुंबईने सिमेंटचा सपाट कोबा दिला. १९२० साली स्थापन झालेल्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे ज्या चाळी उभारल्या, त्यांतील खोली १६० चौरस फुटांची. ज्या खोलीत आठ-दहा माणसे पाळीपाळीने झोपत, तेथे जमीन म्हणजे पलंग, पाट, पाळणा व अभ्यासाचे मेज सारे काही होते.

आमच्या घरी शहाबादी आली ती १९६८ साली, माझ्या दहाव्या वर्षी. पुण्याच्या वखारीतून ती मालमोटारीने आली. वडिलांच्या वहीचे ते पान मी परवा काढले. फरशी सव्वाचार ब्रास (फरशीचा ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट, वाळूचा ब्रास शंभर घनफूट, आणि या घोटाळ्यात नवखा माणूस हमखास फसतो), दर ५६ रुपये, एकूण २३८. मोटारभाडे ६२. चुना व वाळू ७१. गवंडी व पाथरवट यांची मजुरी ११८. हमाली १४. नारळ-पेढे ९. बेरीज ५१२. वडिलांचा पगार तेव्हा १४८ रुपये होता. म्हणजे साडेतीन महिन्यांचे वेतन जमिनीत गेले. त्यात दगडाचा वाटा रुपयात साडेसात आणे पडतो. माझ्या हिशेबात तो सहा आण्यांवर आला आहे. माल यंत्राने होऊ लागला, म्हणून त्याचा वाटा उतरला. बसविणारा हात मात्र अजून यंत्राचा झालेला नाही, आणि होऊ नये असेही मला वाटत नाही, कारण आमच्या फरशीवाल्याचे गुडघे मी पाहिले आहेत.

देवघर त्या वेळी सुटले. आजीने सांगितले, की देवांची भुई सारवलेलीच पाहिजे. दगडावर मी नैवेद्य ठेवणार नाही. म्हणून चाळीस चौरस फुटांचा तो तुकडा मातीचाच राहिला. आजी गेल्यावरही कोणी त्याला हात लावला नाही, आणि आई तो तेवढा सारवीत राहिली. जे पापुद्रे मी मोजावयास घेतले त्यांहून किती तरी अधिक देवघरात निघाले.

दगड आल्यावर तोट्याची बाजूही दिसली. पौषात पाय बधिर होत. आजीची कंबर धरे. पडलेले भांडे मातीवर नुसते वाजे, ते आता पोचू लागले. काचेच्या वस्तूला तर आशाच उरली नाही. तरी आईने पुन्हा मातीचे नाव काढलेले मला आठवत नाही.

त्यानंतरची कहाणी आपणांसमोरचीच आहे. संगमरवराच्या बारीक खड्यांची मोझॅक आली, तिला तीन तीनदा यंत्राने घासताना घरभर राखाडी गाळ पसरे. सोसायट्यांच्या सदनिका तिने व्यापल्या. ज्यांचे बरे चालले त्यांनी मकराण्याचा पांढरा दगड आणला. आणि आता सौराष्ट्रातल्या मोरबीची, उच्च तापमानाला भाजून काचेसारखी केलेली व्हिट्रिफाइड फरशी सर्वत्र झाली आहे. माझ्या घरातली तीच. या भाजलेल्या मातीच्या धंद्यात सिलिकाची सूक्ष्म धूळ श्वासाबरोबर फुप्फुसांत जाऊन बसते. मिंटनच्या स्टोक गावी कुंभारकामगारांच्या या रोगाला पॉटर्स रॉट, म्हणजे कुंभाराची कुज, असे नाव पडले होते, आणि तेथील वैद्य आर्लिज यांनी १८९२ साली धंद्यांतील रोगांवर मोठा ग्रंथ लिहिला. तीच धूळ आज मोरबीच्या कामगारांचाही पिच्छा पुरवीत आहे. माझ्या पावतीवर फरशीचा भाव आहे, कर आहे, भाडे आहे. या धुळीचा रकाना तिच्यात नाही, जसा वडिलांच्या वहीत पोतेऱ्याचा नव्हता.

काम पुरे झाल्यावर मी माझा तो ३६४ दिवसांचा हिशेब आईला वाचून दाखविला. आज ती अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. ऐकू कमी येते, पण आकडे चांगले कळतात. तिने सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "शेण आणायला जायचा वेळ धरलास का?" मी म्हटले, नाही. "आडाचं पाणी?" नाही. "श्रावणात एक दिवसाआड सारवावं लागायचं ते?" तेही नाही. मग ती म्हणाली, "मास्तर आहेस ना तू? मग उत्तर चुकलं तुझं." आणि काठी टेकीत नव्या फरशीवरून देवघराकडे गेली. ही फरशी तिला निसरडी वाटते. तिच्यासाठी देवघरापर्यंत काथ्याची पट्टी अंथरली आहे, तिचे २६० रुपये वरच्या बेरजेत आलेले नाहीत.

जुन्या शहाबादीपैकी धड निघालेल्या फरश्या मागील दारी न्हाणीपुढे बसवून घेतल्या. बाकीचे तुकडे, चुना आणि ते सारवणाचे पापुद्रे दोन खेपांत गेले. नव्या फरशीपैकी चार शिल्लक राहिल्या आहेत. गवंड्याच्या सल्ल्याप्रमाणे त्या खोक्यासकट माळ्यावर ठेवल्या, कारण पुढे एखादी फुटली तर त्याच छटेचा माल पुन्हा मिळत नाही. खोक्यावर छापलेला छटेचा क्रमांक मी वहीत उतरवून घेतला आहे.